मॅडमच्या दोन खुर्च्या

घर्र... घर्र... घर्र. आणि मग एकदम शांत.

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला नुकतं मिसरूड फुटत होतं. मंडईपासून चालत दहा मिनिटांवर एक ट्रस्टचं हॉस्पिटल आहे. तिथल्या औषध विभागात मी मदतनीस म्हणून लागलो, तो पहिला दिवस. आमचे जुने साहेब चिनीमातीच्या खलात मलमासाठी पूड घोटत होते. खिडकीशी कुणी आलं की घोटणं थांबायचं. साहेब हात पुसायचे, औषध द्यायचे, कसं घ्यायचं ते सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "आता तुम्ही परत सांगा बघू."

माणसाने बरोबर सांगितलं की पुन्हा घर्र घर्र सुरू.

मी सातवी पास. खोकी फोडायची, रॅक पुसायचे, मागितलेला डबा काढून द्यायचा, हे माझं काम. औषध देणं माझं काम नाही. पण खिडकीच्या आतल्या बाजूला इतकी वर्षं काढली की किस्से साठतातच. घरोघरी डब्यात उरलेल्या गोळ्या साठतात ना, तसे. कशावरच्या होत्या ते आठवत नाही, आणि टाकवतही नाहीत.

एक गृहस्थ आठवतात. पेन्शनर, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. साहेबांनी त्यांना नेहमीसारखं म्हटलं, "परत सांगा बघू."

"अहो, मी काय शाळेत आलोय?"

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "नाही. शाळेत नापास झालात तर पुढच्या वर्षी परत बसता येतं."

गृहस्थांनी छत्री काखेत मारली. मग सकाळची, दुपारची, रात्रीची, सगळ्या गोळ्या एका दमात म्हणून दाखवल्या. आणि तिथेच उभे.

"झालं की. आता काय?"

"मार्क द्या ना!"

*

साहेब रिटायर झाले तेव्हा कांबळे मॅडमना लागून चार-पाच वर्षं झाली होती. त्या साहेबांच्या हाताखाली शिकल्या. खल तोवर माळ्यावर गेला होता, सगळं तयार पाकिटांत यायला लागलं होतं. पण "परत सांगा" तेवढं मॅडमनी सोडलं नाही.

एकदा दम्याचे एक काका आले. तक्रार अशी, की महिना झाला, औषध घेतोय, दम काही कमी होत नाही.

मॅडमनी विचारलं, "कसं घेता?"

"रोज दोन कॅप्सूल. सकाळ-संध्याकाळ. पाण्याबरोबर."

त्या कॅप्सूल गिळायच्या नसतात. एका छोट्या यंत्रात घालून त्यातली पूड ओढायची असते. मॅडमचा चेहरा पडला.

"अहो काका, तुम्हाला यंत्र दिलं होतं ना?"

"दिलं होतं की! हरवलं नाही हो. शोकेसमध्ये ठेवलंय. आल्यागेल्याला दाखवतो."

सगळी रांग हसली. मीही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. दुपारी डबा खाताना मला म्हणाल्या, "काका, ते यंत्र दिलं त्या दिवशी मी रजेवर होते. रांगेतल्या माणसाला उभ्या उभ्या ते दाखवताही येत नाही. मागचा धक्के मारतो. त्याला बसवायला पाहिजे. दोन खुर्च्या हव्यात. एक त्याला, एक मला."

त्याच दुपारी त्यांनी पहिला अर्ज लिहिला. रांगेच्या बाजूला, जिन्याखालच्या कोपऱ्यात दोन खुर्च्या मिळाव्यात. बाकी काही मागितलं नव्हतं.

*

अर्ज मॅनेजर साहेबांकडे गेला. मॅनेजर साहेब माणूस वाईट नाही. त्यांच्या टेबलावर घड्याळ असतं, आणि बोलताना ते आपल्याकडे न बघता त्याच्याकडे बघतात.

"मॅडम, खुर्ची ठेवली की पेशंट बसणार. बसला की बोलणार. बोलला की रांग मंडईपर्यंत जाणार. एका माणसाला एक मिनिट. त्यात बसवा सगळं."

मॅडम म्हणाल्या, "तेच म्हणतेय. बसवा."

अर्ज दर वर्षी जायचा. टाइप करून मॅडम मला द्यायच्या आणि मी वर नेऊन द्यायचो. क्लार्क मला बघूनच म्हणायचा, "आला का खुर्च्यांचा वाढदिवस!"

मग एका वर्षी खरंच काहीतरी आलं. दोघे कामगार काहीतरी लांबलचक कागदात गुंडाळलेलं घेऊन आले. मॅडम धावत बाहेर गेल्या. कागद फाडला. आत पाटी. निळ्यावर पांढरी अक्षरं : येथे औषधांविषयी समुपदेशन केले जाते.

तपासणीला कुणी येणार होतं म्हणे. पाटी जिन्याखाली लागली. खाली मोकळी फरशी.

दुसऱ्या दिवशी एक आजी पाटीखाली पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ उभ्या होत्या. शेवटी खिडकीशी येऊन म्हणाल्या, "अहो बाई, तिथं काय मिळतं?"

मॅडम म्हणाल्या, "मिळायचंय अजून, आजी. मी पण वाटच बघतेय."

*

फार्मासिस्टना सारखं शिकत राहावं लागतं. नवी औषधं येतात, जुन्यांचे नवे धोके कळतात. नोंदणी चालू ठेवायची तर ट्रेनिंग करून सर्टिफिकेट दाखवावं लागतं. आता यातलं बरंचसं फोनवर होतं. लेक्चर लावायचं, ते संपलं की चार प्रश्न, की सर्टिफिकेट.

आमच्याकडे स्नेहल म्हणून नवीन फार्मासिस्ट लागली. यवतमाळकडची. हुशार पोरगी, हात चपळ, आणि तोंड त्याहून चपळ. वारज्याला चौघी मैत्रिणी मिळून राहतात. एक दिवस खिडकीवर तोबा गर्दी, आणि तिच्या ड्रॉवरमधून कुणीतरी बारीक आवाजात इंग्रजी बोलत होतं. मॅडमनी ड्रॉवर उघडला. आत फोन, फोनमध्ये लेक्चर.

"स्नेहल, हे काय? ऐकतेस तरी का?"

"मी कुठं ऐकून राहिली मॅडम? फोन ऐकून राहिला!"

"आणि परीक्षा?"

"ते प्रश्न उत्तरासकट फिरून राहिले ग्रुपवर. मी काऊन डोकं लावू? इथं खिडकी सोडली तर साहेब ओरडतात, नाही सोडली तर नोंदणी जाते."

संध्याकाळी सर्टिफिकेट आलं. स्नेहलने ते काचेवर चिकटवलं आणि म्हणाली, "काका, माझा फोन पास झाला! आता त्यालाच बसवते खिडकीत."

मॅडम मात्र रविवारी स्वतः जाऊन लेक्चर ऐकायच्या. वहीत लिहून आणायच्या. सोमवारी ते कुणाला तरी सांगायची त्यांना फार हौस. स्नेहलला वेळ नाही, तिसरे फार्मासिस्ट सारखे रजेवर. मग मी. मी रॅक पुसत असायचो आणि मॅडम वही उघडून सांगायच्या. मला अर्धं कळायचं नाही. पण कुणी आपल्याला काही शिकवतंय, हे बरं वाटायचं.

असंच एकदा त्यांनी मला एक पिवळा डबा काढायला लावला. सांधे धरतात, बोटं वाकडी होतात, त्यावरची गोळी.

"काका, ही आठवड्यातून एकदाच घ्यायची. एकच वार ठरवायचा. रोज घेतली तर माणूस जातो. आधी तोंडात फोड येतात, मग रक्त बिघडतं. साधी दिसते, म्हणून लोक फसतात. आपल्याकडे गोळी म्हणजे रोज, असंच डोक्यात बसलेलं असतं."

मग वही मिटून म्हणाल्या, "आता परत सांगा बघू."

मी परत सांगितलं. एकदाही अडलो नाही. मॅडम म्हणाल्या, "पैकीच्या पैकी!"

*

त्या दिवसापासून मॅडमनी लाल पेन आणलं. ती गोळी गेली की पाकिटावर लाल अक्षरात वार लिहायचा, भोवती गोल करायचा, आणि वार पेशंटकडून वदवून घ्यायचा. पेन खिडकीपाशी चहाच्या फुटक्या कपात असायचं. त्याला बाकी कुणी हात लावायचा नाही.

एकदा एका बाईंना विचारलं, "सोमवार लिहू?"

"सोमवारी उपास असतो हो."

"मंगळवार?"

"तोही असतो."

"गुरुवार?"

"गुरुवारी तर कडक."

"अहो, मग जेवता कधी?"

बाई विचार करून म्हणाल्या, "रविवारी. पण रविवारी घरात मटण असतं. त्यावर चालेल का गोळी?"

मॅडमनी लाल गोलात रविवार लिहिलं. "मटणाला ही घाबरत नाही. तुम्ही फक्त सोमवारी तिला बोलावू नका."

*

खुर्च्या शेवटी आल्या. अर्जाने नाही. वरच्या मजल्यावरचे एक डॉक्टर दुसरीकडे गेले, त्यांच्या खोलीतल्या दोन खुर्च्या भंगारात निघाल्या होत्या. मॅडम आणि मी त्या जिन्यावरून उतरवल्या. एकीचा पाय आखूड होता. मी खोक्याचा पुठ्ठा घडी करून खाली लावला. पाटीखाली दोन्ही समोरासमोर ठेवल्या. मॅडम एकीवर बसल्या, मला दुसरीवर बसवलं आणि हसत म्हणाल्या, "बोला काका, काय त्रास होतोय?"

मी म्हटलं, "आता काही नाही."

दहा-बारा दिवस ते चाललं. मॅडम एकेकाला बसवून सांगायच्या. दम्याचे ते काकाही आले होते. यंत्र शोकेसमधून काढून पिशवीतून घेऊन आले.

मग मॅनेजर साहेबांनी वर हॉलमध्ये ट्रेनिंग ठेवलं. शहरातल्या हॉस्पिटलांचे फार्मासिस्ट येणार, पाहुणे येणार. विषय होता, पेशंटशी कसं बोलावं. स्टेजवर प्रात्यक्षिक : कांबळे मॅडम फार्मासिस्ट, स्नेहल पेशंट. आणि प्रात्यक्षिकाला दोन खुर्च्या लागतात, म्हणून पाटीखालच्या दोन्ही वर गेल्या.

तिसरे फार्मासिस्ट रजेवर होते. मॅडम म्हणाल्या, "मग खिडकी बंद ठेवू या तासभर. नाहीतर मी येत नाही."

"तुमचंच नाव आहे मॅडम पत्रिकेत. आणि पाहुणे येताना खिडकी बंद दिसली तर काय म्हणतील? बबनराव आहेत ना," मॅनेजर साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. " चिठ्ठीवर नाव, डब्यावर नाव. एवढं वाचता येतं की त्यांना."

मॅडम माझ्याजवळ आल्या. "काका, कुणाला काही देऊ नका. मी येईपर्यंत थांबवून ठेवा."

मी थांबवलं. सगळ्यांना सांगत होतो, मॅडम येतील, थोडं थांबा. लोक बोलले, मी ऐकून घेतलं.

मग एक म्हातारा आला. माझ्याच वयाचा. धायरीच्या पुढच्या गावचा. हातात चिठ्ठी.

"पाहुणं, एवढी गोळी द्या. मंडळी बाहेर रिक्षात बसलीय. सांधं धरल्यात, उतरता येईना. कवाधरनं कण्हतीय."

"मॅडम येतील तासाभरात."

"तासभर रिक्षा थांबती व्हय? ऊन किती हाय. तुम्हीच बघा की येऊन."

मी खिडकीतून मान काढून बघितलं. बाई रिक्षाच्या दांड्याला धरून बसल्या होत्या. बोटं अशी वाकलेली, की धरलंय का टेकलंय ते कळत नव्हतं.

चिठ्ठीवर नाव होतं, डब्यावर नाव होतं. मी पिवळा डबा काढला. दहा गोळ्यांचं पाकीट काढलं. बरोबर तेच, बरोबर तेवढंच.

मग मी कपातलं लाल पेन उचललं.

आणि परत ठेवलं. माझं अक्षर वाईट. पेन मॅडमचं. द्यायचा अधिकार नसताना मी दिलं होतं, आता वर सांगायचं पण? डॉक्टरांनी सांगितलंच असेल. मी कोण सांगणारा?

त्याच वेळी वरच्या हॉलमधून लाउडस्पीकरवर मॅडमचा आवाज आला. जिन्यातून खाली स्पष्ट ऐकू येत होता.

"आता तुम्ही परत सांगा बघू, कसं घ्यायचं?"

मग टाळ्या.

म्हाताऱ्याने पाकीट वरच्या खिशात ठेवलं, हात जोडले आणि गेला.

मॅडम खाली आल्या तेव्हा रांग मोठी होती. कुणाला काही दिलं का, असं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. संध्याकाळी सांगू म्हटलं. मग उद्या सांगू म्हटलं.

*

अकराव्या दिवशी म्हातारा आला. मॅडम खिडकीत होत्या.

"बाई, तोंडात फोड आल्यात मंडळीच्या. पाणी बी गिळंना. लावायला कायतरी द्या. आन् ही गोळी बी संपली, ती द्या."

मॅडमनी रिकामं पाकीट हातात घेतलं. उलटं करून बघितलं. लाल अक्षर कुठेच नव्हतं.

"कधी नेली होती?"

"धा दिस झालं."

"रोज घेतली?"

"रोज एक," म्हातारा म्हणाला. "मी सोताच्या हातानं देतो. एक बी दिस चुकवला न्हाई."

तो शाबासकीची वाट बघत होता.

मॅडम खिडकी उघडी टाकून डॉक्टरांकडे पळाल्या. त्याच दिवशी बाईंना घरून आणून दाखल केलं. मॅडम रोज दोनदा वॉर्डात जायच्या. मी एकदा गेलो, दारातून परत आलो. नवव्या दिवशी बाई गेल्या.

मी मॅडमना सगळं सांगितलं ते तेव्हा. रिपोर्टचा फॉर्म समोर होता. त्यात एक रकाना होता, औषध कोणी दिले. मॅडमनी त्यात स्वतःचं नाव लिहिलं.

"मॅडम, असं नका करू."

"खिडकी माझी आहे, काका."

चौकशी झाली. त्या वेळी मॅडम वर स्टेजवर होत्या, हे कुणी काढलं नाही. नातेवाइकाचा गैरसमज झाला, असं ठरलं. "परत सांगा" बंद झालं, कारण त्यात बोलण्याचा घोळ होतो म्हणे; आता छापील कागद द्यायचा. मॅडमची बदली मागच्या गोदामात झाली. खिडकीत स्नेहल राहिली, एका माणसाला एक मिनिट. त्याच आठवड्यात ट्रेनिंगची सर्टिफिकेटं आली. मॅडमचं स्नेहलने माझ्या हातात दिलं.

"काका, तुम्हीच द्या त्यांना. मला नाही जमणार."

ती कधी इतकं हळू बोलत नसे.

*

महिन्याभराने म्हातारा परत आला. प्लास्टिकच्या पिशवीत घरात उरलेली औषधं. तोंडाला लावायचं मलम, ताकदीचं पातळ औषध, सील न फोडलेलं. खिडकीशी ठेवून म्हणाला, "कुणाच्या उपेगी पडलं तर बघा."

स्नेहलने माझ्याकडे बघितलं. मी गोदामात जाऊन मॅडमना सांगितलं. त्या बाहेर आल्या. ट्रेनिंगनंतर पाटीखाली परत आलेल्या खुर्च्यांवर कुणीतरी रिकामी खोकी रचली होती. मॅडमनी ती स्वतः उतरवली, खुर्च्या समोरासमोर केल्या, म्हाताऱ्याला एकीवर बसवलं. आखूड पायाची होती ती. पुठ्ठा कधीच निघून गेला होता, खुर्ची थोडी डुगडुगली.

मॅडम दुसरीवर बसायला निघाल्या. मी म्हटलं, "मॅडम, मी बसतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बाजूला झाल्या.

मी समोर बसलो. आमचे गुडघे जवळजवळ लागत होते.

"त्या दिवशी गोळ्या मी दिल्या," मी म्हटलं. "कागदावर ह्या बाईंचं नाव आहे, पण त्यांनी नाही दिल्या. मी फार्मासिस्ट नाही. पण आठवड्यातून एकदाच घ्यायची, हे मला माहीत होतं. मला पाठ होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

तो बघत राहिला. खिडकीवरची रांगही बघत होती. स्नेहलचा हात थांबला होता.

मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला. खुर्ची उचलली, भिंतीशी नेऊन सरळ लावली, डुगडुगत नाही ना ते हाताने दाबून बघितलं, आणि दाराकडे चालत गेला.